पाणी चालू आहे तोवर

ऑफिसात मला थेंबमोजी म्हणतात. पाठीमागे, बरं का. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझं काम शहराच्या मालकीच्या जागांवर फिरायचं. कचेऱ्या, वाचनालयं, दवाखाने, वसाहती, जिथे म्हणून शहराच्या पाण्यावर झाडंझुडपं जगतात तिथे जाऊन पाणी कुठे वाया जातंय ते बघायचं. गळका पाइप दिसला की माझं डोकं फिरतं. भर उन्हात फवारा चालू दिसला तर विचारूच नका. निम्मं पाणी हवेत उडतं, थोडं रस्त्यावर वाहतं, उरलेलं गवताला. आणि ते गवत तरी कशासाठी? कुणीतरी गाडीतून उतरताना समोर हिरवं दिसावं म्हणून. वर पाटी लावलेली असते, गवतावर पाय ठेवू नये!

यंदा नवे नियम आले. ते करून घेण्यासाठी मी सगळ्यांची डोकी खाल्ली होती. शोभेची हिरवळ शहराच्या सगळ्या जागांवरून काढायची. गवत ठेवायचं ते फक्त मुलं खेळतात तिथे. बाकीच्या जमिनीवर खडी आणि लाकडाचा भुसा पसरायचा, कमी पाण्यावर तग धरणारी झुडपं लावायची, आणि त्यांना बारीक नळीतून मुळाशी थेंब थेंब पाणी द्यायचं, तेही ऊन वर यायच्या आत. फवारे बंद. हे सगळं मला हौस म्हणून सुचलेलं नाही. टेकडीवरच्या वस्तीत मी एकदा तपासणीला गेले होते, तर बादल्यांच्या रांगेत उभी असलेली एक बाई मला म्हणाली, "ताई, तुमच्या कचेरीचं गवत रोज आंघोळ करतं. माझ्या पोरांनी कधी करायची तेवढं सांगा."

त्यामुळे नियम लागू झाल्यावर मी कुणाची गय केली नाही. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, बाई, झुडपांनाही फुलं येतात, चार महिने थांबा. मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढचं गवतही मी उचलायला लावलं, आणि त्यांच्या बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे. मग वृद्धाश्रमाची पाळी आली.

वृद्धाश्रमही शहराचाच. तिथे तळमजल्यावर, हिरवळीकडे खिडकी असलेल्या खोलीत माझी आई राहते.

हे नीट कळायला आधी आमच्या घरची रीत सांगायला हवी. बाबा शहराच्या बागेत माळी होते आणि आमचं घर बागेच्या मागच्या भिंतीला लागून होतं. बाबांचा नेम असा, की पाणी चालू असताना माळ्याने जागा सोडायची नाही. फवाऱ्याचं तोंड तुंबतं, एकाच जागी तळं साचतं, मुळं कुजतात. पाहुणा येवो नाहीतर आभाळ कोसळो, नळ बंद केल्याशिवाय बाबा घरात पाऊल टाकायचे नाहीत. आईला त्यांनी लग्न झाल्या झाल्या सांगून ठेवलं होतं, "पाणी चालू आहे तोवर मी काही येत नाही, तू जेवून घे. पाणी बंद झालं की मी आलोच समज." आईने ते शब्दन् शब्द पाळलं. जेवणवेळी फवाऱ्याचा टक-टक-टक-सर्र आवाज येत असला तर ती निवांत जेवायची आणि त्यांचं ताट झाकून ठेवायची. आवाज थांबलेला असला तर मात्र पोटात कावळे ओरडत असले तरी तोंडात घास घालायची नाही. दोन मिनिटांत नवरा दारात उभा राहणार आणि आपण आधी जेवायचं, शोभतं का? बाबा तिला चिडवायचे, "ही माझी वाट कुठे बघते, ही नळाची वाट बघते."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर आईच्या डोक्यातून हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग गॅस बंद केला का ते, मग नातवंडांची नावं, आणि शेवटी बाबा गेले हेच. घरी सांभाळणं हाताबाहेर गेलं तेव्हा तिला आश्रमात ठेवलं. तिथे ती सारखी विचारायची, "हे कुठे गेले गं?" आणि आम्ही शहाणे तिला खरं सांगायचो. दर वेळी ती नव्याने विधवा व्हायची. ऊर फुटेस्तोवर रडायची, थोड्या वेळाने कशाला रडत होते ते विसरायची, पण ओले डोळे तसेच राहायचे आणि ती घाबरून आमच्याकडे बघत बसायची. मग पुन्हा विचारायची. आणि जेवण? "हे येऊ देत." झालं, ताट तसंच परत.

त्यातून वाट काढली आयाबाईंनी. आयाबाई म्हणजे आईच्या खोलीचं सगळं बघतात त्या. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. एका दुपारी आई अशीच ताट सरकवून बसली होती आणि बाहेर फवारा चालू होता. आयाबाई चादर बदलता बदलता वैतागून म्हणाल्या, "अहो आजी, पाणी देतायत ते बाहेर. ऐकू येत नाही का?" आईने कान दिला. टक-टक-टक-सर्र. तिचा चेहरा असा निवला की आयाबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. "असं होय," आई म्हणाली, "मग वेळ आहे अजून." आणि ताट पुढे ओढून जेवायला लागली.

त्या दिवसापासून आश्रमाच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलं, आजींच्या जेवणाला फवारा लावायचा. दुपारीही आणि संध्याकाळीही. मी, थेंबमोजी, भर दुपारच्या उन्हात उडणारं ते पाणी आईच्या खिडकीतून बघायचे आणि मूग गिळून गप्प बसायचे. आई समाधानाने चावत असायची. मध्येच म्हणायची, "उन्हात किती वेळ उभे राहतात बाई," आणि मी म्हणायचे, "हो ना."

आता ते गवत निघणार होतं.

दादाला कळलं तसा तो तडक माझ्या घरी आला. दादा मुलखाचा हळवा. चपला काढायच्या आधीच त्याने सुरू केलं.

"एक फवारा गं! अख्ख्या शहरात एक फवारा चालू राहिला तर धरण आटेल का?"

"प्रत्येक जण हेच म्हणतो, दादा. ग्रंथपालबाई हेच म्हणाल्या. मोठ्या साहेबांची बायको हेच म्हणाली. आता आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करू का मी?"

"त्यांचं पोट भरत नव्हतं त्या गवतावर. आईचं भरतं."

मी चहा गाळला, त्याच्यापुढे ठेवला. तो न पिताच गेला.

नियमांत एक फट होती, आणि ती मला ठाऊक होती. आजारी माणसाची गरज असेल तर आमच्या खात्याचे साहेब सूट देऊ शकत होते. मी काही बोलायच्या आधी साहेबांनीच विषय काढला. "तुमच्या आई तिथे असतात ना? सूट देऊन टाकू. कुणी काही म्हणणार नाही." त्यांनी अगदी चांगुलपणाने म्हटलं. पण ते 'कुणी काही म्हणणार नाही' माझ्या कानात जाऊन बसलं. बादलीवाली ती बाई खरंच काही म्हणणार नव्हती. तिला कळणारच नव्हतं. मी म्हटलं, "नको, साहेब," आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. परत आत जावं असं किती वाटलं ते माझं मला माहीत. गेले नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "आईच्या जिवावर प्रामाणिकपणा मिरवतेस तू." मोठा भाऊ नसता तर एक थोबाडीत दिली असती. बोलण्यात थोडं खरं असलं की ते जास्त लागतं.

नुसती हातावर हात ठेवून मी बसले नव्हते. गवत निघायच्या आधी मी फवाऱ्याचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. फवारा बंद झाला त्या पहिल्याच दुपारी फोन खिडकीच्या बाहेर कट्ट्यावर ठेवला आणि सुरू केला. टक-टक-टक-सर्र. आईने घास उचलला, कान दिला आणि घास परत ठेवला.

"कुणाचा नळ हा? आपला नव्हे."

"आपलाच, आजी," आयाबाई म्हणाल्या.

"मग ओल्या मातीचा वास कुठाय?"

माळ्याची बायको ती! दुसऱ्या दिवशी आयाबाईंनी भांडी विसळलेलं पाणी जपून ठेवलं. फोन वाजायला लागल्यावर मी खिडकीखाली वाकून उभी राहिले आणि मग्गाने ते पाणी मातीवर शिंपडू लागले. मी! शहराची पाणी-तपासनीस! तिसऱ्या मग्गाला आईचा चेहरा खिडकीच्या गजांमागे आला.

"काय गं ए, मग्गाने बाग भिजते होय? ह्यांनी बघितलं तर हसून लोळतील."

आयाबाईंना हसू आवरेना. मग मला, मग आईलाही. आम्ही तिघी पोट धरून हसलो. हसणं ओसरल्यावर आईने पदराने डोळे टिपले, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "पाणी बंद झालंय. येतीलच आता. थांबते मी."

मग गवत निघालं. मजूर आले, हिरवळीच्या वळकट्या करून गाडीत भरल्या, खालची माती उघडी पडली. आई खिडकीत उभी राहून बघत होती. तिचे हात गजांवर घट्ट होते. "ह्यांना विचारलं का यांनी?" तिने मला विचारलं. "ह्यांची बाग आहे. विचारल्याशिवाय कसे हात लावतात?"

"विचारलं, आई."

"मग काय म्हणाले?"

"काढा म्हणाले."

"ते असं म्हणणारच नाहीत," आई म्हणाली. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने तिने लहानपणी माझं खोटं पकडल्यावरही मला पाहिलं नव्हतं.

खडी पडली, भुसा पसरला, झुडपं लागली. त्यांच्या खालून जाणाऱ्या नळ्या कसलाही आवाज करत नाहीत. तेच तर त्यांचं कौतुक. पहाटे मुळाशी थेंब सुटतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. माझ्या कामातलं इतकं नीटनेटकं काम शहरात दुसरीकडे कुठे झालेलं नाही. आणि आई जेवेना.

सकाळचा चहा घ्यायची, कारण चहा ती बाबांच्या आधीच घ्यायची. दुपारचं ताट आलं की दाराकडे तोंड करून बसायची. वेणी नीट करायची, पदर सारखा करायचा. किती आनंदात असायची म्हणून सांगू! नवरा आत्ता येणार म्हणून बसलेली बाई. तेवढा वेळ तिचा चेहरा उजळलेला असायचा आणि मला तो बघवायचा नाही. मग जेवण गार व्हायचं, आयाबाई ताट उचलायच्या, संध्याकाळी पुन्हा तेच. आम्ही चमच्याने भरवून पाहिलं, तिने दात घट्ट मिटले. रागावून पाहिलं. 'बाबा जेवून आलेत' म्हणून पाहिलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, "माझ्याशिवाय? कुणाकडे?" आणि इतकी दुखावली की ती थाप आम्ही परत मारली नाही. हाडं वर यायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मला आणि दादाला बाहेर बोलावून सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ती काढायची वेळ बहुधा येत नाही.

दादा मला म्हणाला, "आता तरी सही घे साहेबांची." मी त्याला खिडकीतून खडी दाखवली. कशावर उडवू फवारा?

शेवटी आम्ही ठरवलं, खरं सांगायचं. दादा म्हणाला मी सांगतो, आणि आत गेला, पण तिच्याकडे बघून तसाच परत फिरला. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मीच सांगितलं. "आई, बाबा नाहीत. बाबा गेले." ती पहिल्या वेळेसारखीच रडली. ताट तिच्या हाताने उडालं. रडून थकली, झोपली, उठली, आणि उठल्या उठल्या केस सारखे करत दाराकडे बघू लागली. म्हणजे खरं सांगून तिला रडवलं तेवढं, घास काही पोटात गेला नाही. मी हात टेकले. नळीसाठी दिवस ठरला.

त्याच्या आदल्या दुपारी मी कामावरून तशीच आश्रमात गेले. बुटांना चिखल, अंगावर ऑफिसचं खाकी जाकीट, डोक्यावर टोपी. आयाबाईंनी ताट ठेवलं आणि माझ्याकडे बघून बाहेर गेल्या. मी आईसमोरच्या खुर्चीत बसले. 'जेव गं आई' एवढंही म्हणवेना.

आईने दाराकडची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोण गं बाई तू?"

तोवर तिने मला कधी विचारलं नव्हतं ते. दादाला विचारलं होतं, वहिनीला, नातवंडांना. मला नाही. मी टोपी काढली. तरी तिला ओळख लागली नाही.

"चेहरा असा का झालाय? कुणी गेलं का तुझं?"

मी होकाराची मान हलवली.

"कोण?"

"बाबा," मी म्हटलं.

"अगं बाई गं! कधी?"

मला वर्ष सांगता आलं असतं. मी म्हटलं, "आत्ताच." कारण मला अगदी तसंच वाटत होतं.

आई खुर्चीतून उठली. तिला उठवत नव्हतं तरी उठली. माझं डोकं तिने पोटाशी धरलं, आणि आपला हाडकुळा हात माझ्या जाकिटावरून फिरवायला लागली. "रड," म्हणाली. "रडून घे. आमचे हे यायच्या आत रडून घे हो, त्यांना कुणाचं रडणं सोसत नाही. चांगले होते का गं बाबा?"

"फार चांगले होते."

"असणारच. चांगल्याच माणसासाठी असं रडू येतं."

आणि मी रडले. बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा आईला धरायचं होतं, दादाला धरायचं होतं, धावपळ होती. पुढे बाबा गेलेत हे लपवायचं होतं. ज्याला रोज बाहेर पाण्यापाशी उभं करून ठेवायचं त्याच्यासाठी रडणार कसं? त्या दुपारी मी तिच्या पदरात तोंड खुपसून पोरीसारखी रडले. ती थोपटत राहिली. मला वाटलं, आता तरी म्हणेल, 'अगं, तू होय!' म्हणाली नाही.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"नाही."

"असं चालतं होय? गेलेल्याबरोबर जाता येत नाही, बाई." तिने ताट ओढलं, घास केला आणि माझ्या तोंडापाशी धरला. मी तोंड मिटूनच ठेवलं.

"तुम्ही खाल्लंत तरच," मी म्हटलं. जन्मात मी आईला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

ती घुटमळली. खिडकीकडे पाहिलं. बाहेर सगळं शांत होतं, म्हणजे तिच्या हिशेबाने बाबा वाटेवर होते, पायऱ्यांशी बूट झटकत होते. एवढ्यात जेवायचं म्हणजे तिच्यासाठी केवढी गोष्ट होती ते मला कळत होतं. तिचा हात हवेतच थांबला.

"दुःखातल्या माणसाला एकटं जेवू देऊ नये," ती शेवटी म्हणाली, जणू दारात उभ्या असलेल्या कुणाला समजावत होती. "हे आले तर मी सांगेन त्यांना. समजून घेतील."

एक घास तिने मला दिला. एक स्वतः घेतला. चावला, गिळला. मग पुन्हा एक मला. बाहेर दादा आणि आयाबाई दाराच्या फटीतून बघत होते आणि आत यायची दोघांचीही हिंमत होत नव्हती.

नळी घातली नाही. मी आता रोज दोन्ही जेवणांना तिथे जाते. एकदा साध्या कपड्यांत गेले, तिने मला ओळखलं, "आलीस का गं, हे येतीलच आता" म्हणाली, आणि ताट तसंच परत गेलं. तेव्हापासून जाकीट आणि टोपी घालूनच जाते. खुर्चीत बसते, आणि ती विचारेपर्यंत काही बोलत नाही.

कोण गेलं, ती विचारते. बाबा, मी सांगते. कधी? आत्ताच. मग ती मला जवळ घेते, आणि मला रोज खरंच रडू येतं. त्यानंतर आम्ही दोघी जेवतो.